फडावर राजाची किंमत शून्य : ‘द गॅम्बलर अँड द लेडी’ कुठे फसला

जुगाराच्या फडावरची उधारी कोर्टातून वसूल होत नसे. इंग्लंडच्या १८४५ च्या गेमिंग अ‍ॅक्टचं कलम १८ (ते २००७ मध्ये रद्द झालं) सांगत होतं की पैजेचा करार कायद्याच्या लेखी करारच नव्हे. तोच विचार आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० मधून आला आणि आजही लागू आहे. म्हणजे १९५२ च्या लंडनमध्ये ज्याचे चार-दोन जुगारी क्लब जोरात चाललेत, त्याच्या तिजोरीत पैसा असला तरी न वटलेला चेक घेऊन त्याला वकिलाकडे जाता येत नाही. त्यात अड्डाच बेकायदा. बॅकरा हा पत्त्यांचा खेळ बेकायदा असल्याचं तिथल्या कोर्टाने १८८४ मध्येच ठरवलं होतं, आणि सनदशीर मार्ग मोकळा झाला तो १९६० च्या कायद्यानंतर. अशा माणसाला कोणीही लुबाडावं, कशातही अडकवावं. तो पोलिसांकडे जाऊच शकत नाही.

गुन्हेपट लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? नायक पोलिसांकडे का जात नाही, या एका प्रश्नापायी कितीतरी पटकथा लंगड्या होतात. इथे उत्तर कायद्यानेच आयतं दिलेलं. ‘द गॅम्बलर अँड द लेडी’ या हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या १९५२ सालच्या ७४ मिनिटांच्या चित्रपटाच्या हातात हे पान पहिल्यापासून होतं, आणि त्याने ते खेळलंच नाही. पैसा कमी होता म्हणून चित्रपट पडला असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण पैसा तर त्या काळच्या साऱ्याच बी-पटांना, म्हणजे मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायच्या स्वस्त चित्रपटांना, कमी होता.

गोष्ट अशी. जिम फॉर्स्टर (डेन क्लार्क) हा लंडनमध्ये जम बसवलेला अमेरिकन. जुगाराच्या क्लबांवर श्रीमंत झालाय, पूर्वी तुरुंगवास भोगलाय, दारूला शिवत नाही. त्याला आता पैसा नको, पत हवी आहे. उमरावांच्या दिवाणखान्यात आपल्यालाही खुर्ची मिळावी म्हणून तो रीतभात शिकतो. पॅट ही नर्तकी त्याची मैत्रीण. लेडी सुझन भेटल्यावर तो पॅटला बाजूला सारतो. तिकडे कोलोना बंधूंची टोळी त्याचे क्लब गिळायला टपलेली. उच्चभ्रूंच्या ओळखीतून गळ्यात पडलेल्या गुंतवणुकीत पैसा बुडतो, टोळी आवळत जाते, आणि शेवटी पॅट त्याच्या अंगावर गाडी घालते.

एवढ्यावरून चित्रपट बरा असेल असंच वाटतं, आणि म्हणूनच निराशा जास्त होते. मुळात वाईट कल्पनेवर काढलेला वाईट चित्रपट दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

हा चित्रपट ज्या सौद्यातून निघाला तो आधी पाहायला हवा, कारण निम्म्या खोडी त्यातच आहेत. रॉबर्ट लिपर्ट हा कॅलिफोर्नियातला थिएटरमालक. चित्रगृहं आहेत तर त्यात लावायला स्वस्तात चित्रपट हवेत, या हिशेबाने तो निर्मितीत उतरला. लंडनमध्ये हॅमर आणि तिची वितरण शाखा एक्सक्लुझिव्ह. १९५१ पासून दोघांचं जमलं ते असं : चित्रपट हॅमरने इंग्लंडमध्ये काढायचा, हॉलिवुडमधला एक ओळखीचा पण भाव उतरलेला चेहरा लिपर्टने पाठवायचा, आणि अमेरिकेतलं वितरण लिपर्टने सांभाळायचं. जॉर्ज ब्रेंट, पॉल हेन्रीड, सीझर रोमेरो, डॅन ड्युरिया असे एकेक जण या वाटेने आले. डेन क्लार्क तर तीनदा.

या सौद्याला ब्रिटिश कायद्याची दुसरी बाजू होती. १९४८ च्या कायद्याने ब्रिटिश चित्रगृहांना मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही जागांवर ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवणं बंधनकारक होतं. दुय्यम जागेसाठी हा कोटा २५ टक्के. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याचे ते दिवस, त्यामुळे कोट्यात बसणाऱ्या सत्तर-पंचाहत्तर मिनिटांच्या मालाला गिऱ्हाईक ठरलेलं. पण कोट्यात बसायचं तर मजुरीच्या खर्चाचा मोठा हिस्सा ब्रिटिश माणसांच्या हाती पडला पाहिजे. एखादा परदेशी नट हिशेबाबाहेर ठेवता येई. त्यात परदेशी दिग्दर्शकही आला की गणित अवघड.

आणि इथे दिग्दर्शकही अमेरिकनच होता. सॅम न्यूफिल्ड. हॉलिवुडच्या तळच्या थरातल्या पीआरसी कंपनीत त्याने इतके चित्रपट काढले की सारखं एकच नाव दिसू नये म्हणून तो पीटर स्टुअर्ट आणि शर्मन स्कॉट या नावांनीही काम करी. कारकिर्दीची बेरीज अडीचशेच्या वर. हॅमरच्या या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून पॅट्रिक जेंकिन्सचं नाव लागलं. न्यूफिल्डचा वाटा सगळेच मानतात, आणि काही नोंदींमध्ये टेरेन्स फिशरचंही नाव येतं. एका चित्रपटाच्या दिग्दर्शनाला तीन नावं चिकटतात तेव्हा बाकी काही ठाऊक नसलं तरी सेटवर ‘हे दृश्य कशासाठी आहे’ याचं एक उत्तर नव्हतं, एवढा अंदाज बांधायला हरकत नाही. पडद्यावर तसंच दिसतं. दृश्य सुरू होतं, लोक बोलतात, दृश्य संपतं. पुढच्या दृश्याला ते काही देऊन जात नाही.

आता वेळेचा हिशेब. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. ७४ मिनिटं म्हणजे ६,६६० फूट, हजार फुटांची जेमतेम सात रिळं. अशा चित्रपटाला पाच आठवडे, म्हणजे कामाचे २५ दिवस मिळाले असं धरू. दिवसाला तीन मिनिटांचं काम हातावेगळं झालंच पाहिजे. एका सेटअपची, म्हणजे कॅमेऱ्याच्या एका मांडणीची, प्रकाशयोजना, तालीम आणि टेक यांत पाऊण तास जातो, म्हणजे आठ तासांत दहा-बारा सेटअप. तीन मिनिटांना दहा सेटअप हे वाईट प्रमाण नाही. दिवाणखान्यात दोन माणसं बोलत असतील तर चार सेटअपांत भागतं.

गोची होते ती जुगाराच्या टेबलाशी. टेबलाभोवती सहा माणसं बसली की प्रत्येकाची नजर वेगळ्या दिशेला. एकाचा क्लोजअप घेतला की समोरच्याचा घ्यावा लागतो, नाहीतर कोण कोणाकडे बघतंय ते कळत नाही. सहा क्लोजअप, आख्खं टेबल दाखवणारा एक मास्टर शॉट, तीन-चार खांद्यावरून घेतलेले शॉट, शिवाय पत्ते आणि चिप्स. आख्खा दिवस गेला आणि हाती आली दोन-तीन मिनिटं. त्यात कंटिन्युइटीची कटकट : या शॉटमध्ये समोर चिप्सचे चार गठ्ठे, पुढच्यात पाच, आणि सिगारेटची राख परत लांब झालेली. म्हणून घाईतला दिग्दर्शक काय करतो, तर टेबल मागे ढकलतो. कॅमेऱ्यासमोर दोन माणसं बोलतात आणि पाठीमागे चाक फिरत राहतं.

या चित्रपटातही टेबलं दिसतात, पण डाव उलगडत नाही. जुगाऱ्यावरचा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला एकाही हातात नेमकं काय पणाला लागलं होतं ते सांगता येत नाही. माझ्या मते चित्रपट इथेच बुडतो. बाकी सगळं यातूनच येतं.

लंडनच्या पैसेवाल्या फडांवर तेव्हा शमँ द फेर हा बॅकऱ्याचा प्रकार खेळत. त्याचे नियम ज्याने एकदा वाचलेत त्याला हे दृश्य न लिहिल्याचं वाईट वाटल्याशिवाय राहणार नाही. सहा जोड, म्हणजे ३१२ पत्ते पिसून एका लाकडी पेटीत भरतात आणि पेटी टेबलावर हातोहात फिरते. ज्याच्यापुढे पेटी तो बँकर, म्हणजे इथे खेळाडू खेळाडूंच्याच विरुद्ध खेळतात. क्लबाचा मालक फक्त बँकरच्या जितीतून पाच टक्के नाल काढतो. दोघांना दोन-दोन पानं. बेरीज नवाच्या जितकी जवळ तितकं चांगलं, दहा किंवा त्याच्या वर गेली तर दशक सोडून द्यायचं : सात आणि आठ म्हणजे पंधरा नव्हे, पाच. पहिल्याच दोन पानांत आठ किंवा नऊ आले तर लगेच उघडायचे. बँकरसमोरच्या खेळाडूने चार किंवा कमी असतील तर तिसरं पान घ्यायचं, सहा-सातवर थांबायचं. पाच असतील तर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. या पाचाशीच माणूस कळतो.

आणि चित्रांची पानं? राजा, राणी, गुलाम या सगळ्यांची किंमत शून्य.

उमरावांत शिरायला धडपडणाऱ्या जुगाऱ्याचा चित्रपट काढताय आणि ज्या खेळात राजाराणीला दमडीची किंमत नाही तो खेळ तुमच्या सेटवर मांडलेला आहे. यावर एक वाक्यही बोलायची गरज नव्हती. उमरावाच्या हातात राजा आणि राणी पडतात, त्याचा चेहरा उतरतो, क्लबाचा नोकर तो डाव ओढून नेतो. बस.

हे परवडलं असतं का? असतं. रीत अशी की चेहऱ्यांचं आणि हातांचं काम वेगळं करायचं. नटांना घेऊन एक मास्टर आणि तीन क्लोजअप, म्हणजे चार सेटअप, तीन तास. पत्ते, पेटी, चिप्स, पानं सरकवायचं लाकडी पॅलेट हे सगळं नंतर, नटांची गरज नसताना, तीन फूट हिरव्या बनातीवर एका दिव्यात घ्यायचं. बाहीची कफ तेवढी जुळली पाहिजे. असे वीस इन्सर्ट अर्ध्या दिवसात होतात. चिप्सचा आकडा प्रत्येक पाटीवर खडूने लिहून ठेवायचा, म्हणजे संकलनाच्या टेबलावर मारामारी होत नाही. एक बारीक गोष्ट मात्र पाळायची : कृष्णधवल पडद्यावर बदामाचा लाल रंग करडा दिसतो, आणि अठ्ठी-नव्वीतला एका ठिपक्याचा फरक नजरेला लगेच सापडत नाही. सेकंदाला २४ चौकटी आणि फुटाला १६ या हिशेबाने दोन सेकंद म्हणजे तीन फूट तरी पान पडद्यावर राहिलं पाहिजे. घाईतले संकलक इथे एका फुटात उरकतात आणि मग प्रेक्षकाला जिंकलं कोण ते पुढच्या संवादावरून कळतं. राजा आणि नव्वी असा सामना लावला तर हीही अडचण उरत नाही.

रूलेटचं गणित तर आणखी मुद्द्याचं. युरोपी चाकावर एक शून्य धरून ३७ घरं. एका आकड्यावर लावलेल्या पैशाला ३५ पट मिळतात, लावलेला पैसा परत येतो तो वेगळा. म्हणजे प्रत्येक लावणीवर क्लबाला सरासरी ३७ मागे एक, २.७ टक्के सुटतात. चाक कोणाचं आहे एवढंच ठरायचं असतं. म्हणजे क्लबाचा मालक जुगारी नसतोच, तो दुकानदार असतो. जिम फॉर्स्टर आयुष्यात खरा जुगार एकदाच खेळतो, जेव्हा तो आपला हिशेब ठाऊक असलेला धंदा सोडून उमरावांची पत पाहून पैसा लावतो, जिथे चाक त्यांचं आणि शून्यही त्यांचंच. पटकथेत ही गोष्ट दडलेली आहे, कोणी बाहेर काढली नाही. त्याला २.७ टक्के कळतात हे आधी पडद्यावर आलं असतं, तर त्याने गुंतवणुकीच्या कागदांवर आकडे न बघता सही केल्याचा चटका बसला असता. आता तो नुसता बावळट वाटतो.

आता शत्रूंची गर्दी. पॅट एक, कोलोना टोळी दोन, गुंतवणूकवाले तीन. पहिली दहा मिनिटं ओळखीत आणि शेवटची दहा मारामारीत गेली असं धरा. उरली ५४. त्यातली निम्मी सुझनच्या प्रेमाला आणि रीतभातीला. तीन शत्रूंच्या वाट्याला नऊ-नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत टोळीचा दरारा उभा राहत नाही आणि सभ्य माणसांनी रचलेला सापळा आवळत गेल्यासारखा वाटत नाही. शिवाय तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. नायकावर तीन वेगवेगळ्या दिशांनी संकटं कोसळतात तेव्हा प्रेक्षक त्याला दुर्दैवी म्हणतो. कोणी अडकवलं असं वाटायला मागे एक हात दिसावा लागतो.

अडकवण्याची गोष्ट तीन गोष्टींवर उभी राहते : फायदा कोणाचा, पुरावा किंवा कागद नायकाच्या हातात कसा आला, आणि तो ओरडू का शकत नाही. तिसरीचं उत्तर कायद्याने दिलेलं. पहिल्या दोघींसाठी टोळी आणि गुंतवणूक यांची गाठ मारली की झालं. गुंतवणुकीमागचा पैसा कोलोनांचा. उमराव नुसता पुढे केलेला चेहरा, कारण तो त्याच क्लबात हरलेला आणि त्याचा चेक न वटलेला. मग पहिल्या सहा मिनिटांत टेबल आणि चेक. विसाव्या मिनिटापर्यंत सुझन, आणि जिमने तो चेक मोठेपणा दाखवत फाडून टाकणं, कारण कोर्टात तो नाहीतरी चालणार नसतो आणि फाडला की दिवाणखान्याचं दार उघडतं. पंचेचाळिसाव्यापर्यंत गुंतवणूक. तिथे कळतं की क्लब ज्यांना द्यायचा नव्हता त्यांच्याच घशात गेला. माणसं तीच, सेट तेच, उलट टोळीच्या धमक्यांची दोन-तीन दृश्यं वाचतात.

लिपर्टच्या सौद्यातला नट या सगळ्यात कुठे बसतो? डेन क्लार्क वाईट नट नव्हता. वॉर्नरच्या चित्रपटांत साधा, चिडका, रस्त्यावरचा माणूस त्याने चांगला उभा केला होता. ‘मूनराइज’ या १९४८ च्या चित्रपटात तर तो उत्तमच आहे. पण भाड्याने आणलेला चेहरा जितका जास्त दिसेल तितके पैसे वसूल, या हिशेबाने तो जवळपास प्रत्येक दृश्यात लागतो. परिणाम असा की त्याच्या पाठीमागे रचलेलं कारस्थान दाखवायला जागाच राहत नाही. प्रेक्षकाला जे कळतं ते त्याच्याबरोबर किंवा त्याच्यानंतर. सापळ्याच्या गोष्टीत प्रेक्षकाला नायकाच्या आधी निदान एक गोष्ट ठाऊक हवी, नाहीतर धास्ती निर्माण होत नाही.

त्यातून पॅटच्या भूमिकेत कॅथलीन बायरन. ‘ब्लॅक नार्सिसस’ या १९४७ च्या चित्रपटात हिमालयातल्या मठात वेडाच्या काठावर गेलेली नन हिनेच केली होती. ते हिमालय इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारलेले होते, पण तिचे डोळे खरे. लाल रंग लावलेले ओठ आणि त्या डोळ्यांची ती नजर पाहिलेला माणूस विसरत नाही. अशी नटी हाताशी असताना तिला मत्सरी मैत्रिणीच्या चौकटीत ठेवून शेवटच्या रिळापर्यंत बाजूला बसवलंय. नेओमी चान्सची सुझन मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सभ्य आणि कोमट. लेडीच्या जागी नर्तकीला दहा मिनिटं जास्त दिली असती तरी चित्रपट वर आला असता.

डेन क्लार्कलाच घेऊन हॅमरने पुढे ‘मर्डर बाय प्रॉक्सी’ काढला, टेरेन्स फिशरच्या दिग्दर्शनाखाली. अमेरिकेत तो १९५४ मध्ये ‘ब्लॅकआउट’ म्हणून लागला. तोही काही महान नाही. पण खिशात पैसे नसलेल्या, प्यायलेल्या माणसाला एक अनोळखी श्रीमंत मुलगी लग्न करण्याचे ५०० पौंड देऊ करते, आणि सकाळी त्याच्या कोटावर रक्त असतं, मुलीच्या बापाचा खून झालेला असतो. फायदा कोणाचा हा एकच प्रश्न पुढे सगळा वेळ पुरतो. सौदा लिपर्टचाच, तसलेच सेट, नट तर तोच.

राहता राहिला शेवट. पॅट गाडी घालते ते योग्यच आहे, टोळीच्या गोळीपेक्षा कितीतरी बरं. पण तो शेवट वाटेत पडलेल्या अपघातासारखा येतो, कारण तिचं आणि गाडीचं नातं आधी कुठे ठसवलेलंच नाही. पहिल्या रिळात एकदा, क्लबाबाहेर, जिमने तिला किल्ली देऊन गाडी घरी न्यायला सांगावं आणि स्वतः सुझनबरोबर टॅक्सीत बसावं. सेटअप एक, संवाद नाही, वीस फूट फिल्म.